उंच इमारतीतला पीआरव्ही: पाण्याचा दाब आवरणाऱ्या पितळी व्हॉल्व्हचं परीक्षण

पुण्यात बाणेर, खराडी, हडपसर, वाकड, कुठेही बघा, वीस‑बावीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. गच्चीवरच्या टाकीतून डक्टमधून उतरणाऱ्या पाइपात दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब तयार होतो. म्हणजे मजल्यामागे ०.३ बार. २२ मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या बंद नळावर साडेसहा बारच्या आसपास दाब बसतो. घरातल्या शॉवरला, नळाला, फ्लशच्या टाकीला लागतो दीड ते तीन बार. मग सिंकखालचा जाळीचा कनेक्शन पाइप फुटतो, फ्लश टाकीतला व्हॉल्व्ह बंदच होत नाही, गरम‑थंड पाण्याच्या मिक्सर नळाचं कार्ट्रिज महिन्या‑दोन महिन्यांत गळायला लागतं. घरगुती गीझर बहुधा साडेसहा किंवा आठ बारचे असतात. साडेसहावाला खालच्या मजल्यावर लावला तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसभर ठिबकतो आणि दोष गीझरवर जातो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे डक्टमधली चावी अर्धी बंद करून ठेवणं. तो निरुपयोगी आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. अर्धी बंद चावी दाब कमी करते ती फक्त पाणी वाहत असताना. रात्री दोन वाजता कोणी नळ उघडत नाही, प्रवाह शून्य, आणि प्रवाह शून्य असला की त्या अरुंद फटीतूनही पूर्ण दाब पलीकडे पोचतो. कनेक्शन पाइप पहाटे फुटलेले सापडतात त्याचं कारण हेच. सकाळी सगळे एकदम नळ सोडतात तेव्हा मात्र तीच अर्धी चावी पाणी अडवते. जेव्हा दाब नको तेव्हा येऊ देते, जेव्हा पाणी हवं तेव्हा अडवते.

प्रवाह असो वा नसो, पुढचा दाब ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, प्लंबरच्या तोंडी पीआरव्ही. पेठांमधल्या प्लंबिंगच्या दुकानांत तो तीन प्रकारांत मिळतो: पिस्टनवाला, रबरी पडद्याचा, आणि मोठ्या मापाचा पायलटवाला, म्हणजे बाजूच्या छोट्या व्हॉल्व्हच्या हुकमावर चालणारा. सोसायटीच्या डक्टमध्ये २५ ते ५० मिमीच्या लाइनवर बसतो तो बहुतेक पडद्याचा, पितळी बॉडीचा, आतलं कार्ट्रिज, म्हणजे चालत्या भागांचा संच, अख्खं बाहेर काढता येईल असा. हे परीक्षण मुख्यतः त्याचं आहे.

रचना साधी आहे. वर स्प्रिंग, खाली रबरी पडदा, पडद्याला जोडलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला सीटवर, म्हणजे पाण्याच्या वाटेच्या कडेवर, बसणारी रबरी चकती. स्प्रिंग चकतीला सीटवरून ढकलून उघडी ठेवते. पुढच्या पाइपातलं पाणी पडद्याला खालून रेटतं आणि चकती बंद करायला बघतं. पुढे नळ उघडला की दाब उतरतो, स्प्रिंग जिंकते, पाणी सुटतं. नळ मिटला की दाब चढतो, पडदा वर जातो, चकती बसते. वीज नाही, सेन्सर नाही. वरचा स्क्रू फिरवून स्प्रिंग जितकी दाबाल तितका पुढचा दाब.

पाण्याच्याच जोराने पाणी आवरायची ही कल्पना पुण्याच्या पाण्याला जुनी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यातच, आज ज्याला सीओईपी म्हणतात त्या कॉलेजात शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. त्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर बसले. तलाव ठरावीक पातळीवर चढला की पाण्याच्याच भाराने दरवाजे उघडायचे, पूर ओसरला की मिटायचे. इंजिन नाही आणि दरवाजा उचलायला माणूसही नाही. धरणाची भिंत न वाढवता तलावात सुमारे ८ फूट जास्त पाणी धरता आलं. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, आणि ती पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही गेली. १९६१ च्या पानशेत प्रलयात जुनं खडकवासला धरण फुटलं, आजचं धरण नंतर उभं राहिलेलं आहे. पण तत्त्व तेच: एका बाजूला ठरवलेला भार, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोघांच्या ओढाताणीत दरवाजा. डक्टमधल्या वीतभर पितळी व्हॉल्व्हमध्ये भाराची जागा स्प्रिंगने घेतली आहे. म्हणूनच अशा वस्तूचं परीक्षण करताना दोनच गोष्टी पाहायच्या. ओढाताणीत तिसरं काही, म्हणजे कचरा, क्षार, घर्षण, शिरतंय का? आणि ठरवलेला भार बरोबर ठरवलाय का?

आधी दुसऱ्याबद्दल, कारण पुण्यातल्या इमारतींत सगळ्यात जास्त चूक तिथे होते. प्लंबर व्हॉल्व्ह बसवतो, दाबमापकाचा काटा ३ बारवर आणतो आणि निघून जातो. ३ बार हा आकडा चांगला आहे, पण कुठल्या मजल्यावरचा? एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या मजल्यांचा गट म्हणजे एक टप्पा; व्हॉल्व्ह बसतो तो टप्प्याच्या डोक्यावर, आणि त्याच्या खाली उतरणाऱ्या प्रत्येक मजल्याला पुन्हा ०.३ बार वाढत जातो. २२ मजल्यांचं उदाहरण घेऊ. टाकीतलं पाणी वरच्या मजल्याच्या नळापेक्षा ४ मीटर उंच धरलं तर २२ ते १४ हे मजले थेट टाकीवर चालतात, चौदाव्यावर २.८ बार येतो, व्हॉल्व्हची गरज नाही. १३ ते ८ या सहा मजल्यांना एक व्हॉल्व्ह, तेराव्यावर. त्याच्या आत येणारा दाब ३.१ बार. तो १.५ वर लावला तर आठव्या मजल्यावर, १५ मीटर खाली, ३ बार मिळतो. ७ ते १ ला दुसरा व्हॉल्व्ह, सातव्यावर. टाकीतून त्याची वेगळी लाइन असेल तर आत ४.९ बार येतो. तो १.५ वर लावला की पहिल्या मजल्यावर ३.३ येतो. हेच दोन्ही व्हॉल्व्ह डोळे झाकून ३ वर लावले तर सातव्याखालचे लोक पुन्हा पावणेपाच बारमध्ये सापडतात, आणि पैसे खर्चूनही पाइप फुटतात. तेराव्यावरच्याचं तर ३.१ येऊन ३ जातात, म्हणजे तो कामच करत नाही. आत आणि बाहेर यांत निदान १ बारचा फरक असल्याशिवाय असा व्हॉल्व्ह नीट चालत नाही.

एकाच लाइनवर एकाखाली एक असे दोन व्हॉल्व्ह बसवले तर वरचा बिघडल्यावर खालच्याचीही परीक्षा होते, म्हणून टप्प्यागणिक वेगळी लाइन असलेली इमारत नशीबवान. मात्र आतला दाब बाहेरच्याच्या तिपटीहून फार जास्त असेल, तर एकाच व्हॉल्व्हवर सगळा भार टाकू नये. सीटपाशी पाणी इतक्या वेगाने जातं की शिट्टीसारखा आवाज येतो आणि धातू कुरतडला जातो. तिथे दोन टप्प्यांत दाब उतरवणं हाच इलाज.

मापाबद्दल. पाइप ५० चा म्हणून व्हॉल्व्ह ५० चा, ही सवय महागात पडते. सेकंदाला दीड मीटर वेग धरला तर २५ मिमीतून मिनिटाला ४४ लिटर, ३२ मधून ७२ आणि ४० मधून ११३ लिटर पाणी जातं. एका शॉवरला ८ ते १० लिटर लागतं. सहा मजले, मजल्यावर एका लाइनवर दोन घरं, म्हणजे बारा घरं; सगळ्यांचे शॉवर एकदम चालू धरले तरी १२० लिटर, आणि तसं कधी होत नाही. ४० चा पुरतो, बऱ्याचदा ३२ चाही. मोठा घेतला तर नुकसान काय? दिवसाचा बराच वेळ एखादा नळ चालू असतो, तेव्हा मोठ्या व्हॉल्व्हची चकती सीटपासून केसभर उचललेली राहते. त्या फटीतून पाणी सुरीसारखं जातं, सीटवर बारीक चरे पाडतं, आणि चकती थरथरत राहते. डक्टमधून रात्री खडखड ऐकू येते ती याची. लाइनच्या मापापेक्षा एक माप लहान व्हॉल्व्ह लावणं यात काही गैर नाही.

पडद्याच्या व्हॉल्व्हची खरी मर्यादा सांगायलाच हवी. प्रवाह वाढला की त्याचा दाब थोडा खाली बसतो, मापानुसार अर्धा ते एक बार. १.५ वर लावलेला व्हॉल्व्ह सकाळी साडेसातला तेराव्या मजल्यावर एकाच बारवर येऊ शकतो, आणि तक्रार नेमकी टप्प्यातल्या सगळ्यात वरच्या घरातून येते. तिथे १.८ ते २ वर लावून खाली ३.३ ते ३.५ सोसणं हा व्यवहारी तोडगा. पायलटवाला व्हॉल्व्ह यात सरस. तो दाब जवळपास हलू देत नाही. पण त्याची पायलटची नळी बारीक असते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या व टँकरच्या पाण्यात ती बुजते. ६५ मिमीच्या पुढे आणि महिन्याला बघणारा माणूस असेल तरच त्याच्या वाटेला जावं. पिस्टनवाला स्वस्त, टिकाऊ दिसणारा, पण क्षारांच्या पाण्यात पिस्टन जागच्या जागी धरतो आणि मग दाब धरण्याऐवजी जिथे अडकेल तिथे राहतो. महापालिकेचं धरणाचं पाणी मऊ आहे, तिथे चालेल. बोअर आणि टँकरवर असलेल्या सोसायटीने घेऊ नये.

आता बसवणं. क्रम असा: आधी चावी, मग वायच्या आकाराची जाळी, म्हणजे वाय‑स्ट्रेनर, मग व्हॉल्व्ह, मग दुसरी चावी. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, नाहीतर पुढे कार्ट्रिजच्या पलीकडे काही बिघडलं तर पाइप कापावा लागतो. दोन्ही बाजूंना दाबमापक. बाहेरच्या बाजूला ० ते ६ बारचा घ्यावा. ० ते ४ चा वाचायला बरा, पण व्हॉल्व्ह बिघडून आतला दाब आला की काटा कायमचा वाकतो. ० ते १६ चा लावला तर १.५ आणि १.८ मधला फरक दिसत नाही. काही मापकांवर पीएसआयचे आकडे मोठे असतात. १०० पीएसआय म्हणजे जवळपास ६.९ बार, हे लक्षात ठेवावं. किलो (चौरस सेंटिमीटरला) आणि बार यांत या कामापुरता फरक नाही.

व्हॉल्व्ह लावण्याआधी लाइन धुणं, हा एक टप्पा कोणी करत नाही आणि नव्या व्हॉल्व्हचं बहुतेक दुखणं तिथूनच येतं. व्हॉल्व्हच्या जागी पाइपाचा तुकडा लावून निदान दहा मिनिटं पूर्ण पाणी सोडावं. सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप कापताना पडलेला किस, चिकटवायच्या सोल्युशनचे वाळलेले थेंब, टाकीतला सिमेंटचा चुरा, सगळं निघून जातं. आट्यांवर टेफलॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडावा. सफेदा (आट्यांना लावायची पांढरी लुकण) आणि तागाचा धागा तर व्हॉल्व्हमध्ये पाणी आत येतं त्या बाजूला लावूच नये. ‘महिनाभरात बिघडला’ म्हणून परत आलेला व्हॉल्व्ह उघडला की अनेकदा दिसतं ते एवढंच: सीटच्या कडेवर आडवा पडलेला तागाचा एक पिवळसर तंतू, आणि चकतीच्या रबरावर त्याचा उमटलेला वळ. व्हॉल्व्हमध्ये खोट काहीच नसते. त्या तंतूमुळे चकती पूर्ण बसत नाही, पाणी थेंबाथेंबाने पुढे झिरपतं, आणि रात्रभरात पुढचा दाब आतल्याइतका होतो.

दाब लावायची पद्धत. पुढची चावी बंद, मागची हळूहळू उघडी. एकदम उघडली तर पाइपातली हवा आणि पाणी मिळून पडद्यावर हातोड्यासारखा दणका देतात. टोपी काढा, लॉकनट सैल करा. स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो. कमी करायचा असेल तर डावीकडे फिरवून भागत नाही. पुढे अडकलेला दाब तसाच राहतो आणि काटा हलत नाही. पुढची चावी जराशी उघडून पाणी सोडा, पुन्हा बंद करा, मग वाचा. नेहमी खालून वर येत आकडा गाठायचा: आधी १.२ वर उतरवून मग १.५ पर्यंत चढवा, म्हणजे स्प्रिंगमधली ढिलाई निघते. आकडा बसला की पुढची चावी उघडून एक नळ मिनिटभर चालवा, बंद करा, परत वाचा. मग लॉकनट. ठरवलेला आकडा आणि तारीख पाइपावर मार्करने लिहा. पुढच्या माणसाला तेवढंच पुरतं.

बिघाड ओळखायचा असेल तर एकच चाचणी कामाची. पुढची चावी बंद करा आणि मापकाकडे दहा मिनिटं बघा. काटा चढत चढत आतल्या आकड्यापर्यंत गेला, तर सीट किंवा चकती. काटा स्थिर आहे आणि तरी घरात रात्री दाब वाढतो, तर गीझरकडे बघा: तापलेलं पाणी फुगतं, व्हॉल्व्ह बंद असल्याने मागे जाऊ शकत नाही, आणि गीझरच्या तोंडाशी नॉन‑रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असेल तर दाब त्या घरातच साठतो. तिथे गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो तो आपलं काम करत असतो, बदलू नये. स्प्रिंगच्या टोपीच्या भोकातून पाणी येत असेल, तर पडदा फाटला. दाब मुळात कमीच येतोय, तर आधी जाळी बघा; दहांतल्या आठ वेळा तिथेच अडकलेलं असतं.

जाळी बसवल्यावर आठवड्याने एकदा साफ करावी, मग दर तीन महिन्यांनी. त्याखेरीज टाकी धुतल्यावर, आणि टाकी तळाला गेली असेल तेव्हा. गुरुवारी पाणी बंद राहून शुक्रवारी उशिरा आलं की बऱ्याच टाक्या तळ गाठतात, तळाचा गाळ आणि हवा दोन्ही लाइनीत उतरतं. जुलै‑ऑगस्टात गढूळ पाणी येतं तेव्हा महिन्याला बघितलेलं बरं. फ्लशच्या लाइनीत एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, असेल तर तिथला व्हॉल्व्ह हे वेगळंच प्रकरण आहे. त्याच्या जाळीवर बुळबुळीत थर धरतो, महिन्याला साफसफाई टाळता येत नाही, आणि तिथल्या व पिण्याच्या लाइनीच्या कार्ट्रिजची कधी अदलाबदल करू नये.

कार्ट्रिज बदलणं अर्ध्या तासाचं काम. मागची चावी बंद, पुढे नळ उघडून दाब शून्यावर, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: वरचा स्क्रू पूर्ण सैल. स्प्रिंग दाबलेली असताना टोपी उघडली तर ती तोंडावर उडते. टोपी काढा, कार्ट्रिज सरळ वर ओढा. क्षार धरले असतील तर लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर लावू नका. सीटवर एक ओरखडा पडला की तो व्हॉल्व्ह पुन्हा कधी पूर्ण मिटत नाही. ओरिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस. गाडीचं ग्रीस लावलं तर ईपीडीएम रबर फुगतं आणि पडदा वेडावाकडा होतो. हे प्लंबरच्या हातून सर्रास होतं, कारण डबा त्याच्या पिशवीतच असतो.

बायपासबद्दल एक. दुरुस्तीच्या वेळी पाणी चालू राहावं म्हणून व्हॉल्व्हच्या बाजूने साधा बॉल व्हॉल्व्ह टाकतात. कोणाला पाणी कमी वाटलं की तो उघडला जातो, आणि सगळ्या टप्प्यावर पूर्ण दाब येतो. व्हॉल्व्हला दोष द्यायच्या आधी बायपासचा दांडा बघा. शक्य असेल तर बायपासवरही तसाच लहान व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर दांडा काढून सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये ठेवावा.

चार‑पाच मजल्यांच्या कोथरूड‑सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांना यातलं काहीच लागत नाही; तिथे तळमजल्यावर दीड‑दोन बारच येतो. दहा मजल्यांच्या वर मात्र पडद्याचा, संतुलित सीटचा व्हॉल्व्ह घ्यावा. संतुलित म्हणजे टाकी भरलेली असो वा पंपाने दाब चढलेला असो, बाहेरचा आकडा हलत नाही. दुकानात बॉडीवरचा बाण, माप आणि पीएन १६ किंवा २५ (किती बार सोसेल तो आकडा) हा शिक्का हात लावून बघा. चिकटवलेल्या लेबलवर जाऊ नका. बाहेरचा दाब १.५ च्या खाली लावता येतो का ते पत्रकात वाचा, काहींची सुरुवातच २ पासून होते आणि ते टप्प्याच्या डोक्यावर निरुपयोगी ठरतात. आणि कार्ट्रिज सुटं मिळतं का हे विचारून ते त्याच बिलात एक जास्तीचं घ्या. सुटं कार्ट्रिज न मिळणारा व्हॉल्व्ह कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण पडदा फाटला की अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागतो, आणि तोही बहुधा तेव्हा, जेव्हा खालच्या सात मजल्यांचं पाणी बंद करून ठेवलेलं असतं.